ताराबाईंची पक्की भिंत

मारेगाव. मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागण.

आज घरकुलाच्या पाहणीला गेलो होतो. ताराबाई एकट्याच राहतात. तीन बाजूंना पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा कूड, चौथी भिंत विटांची. एक जरी भिंत पक्की असली तर यादीतून नाव वगळायचं, असा नियम.

मी विचारायच्या आधीच त्यांनी ती भिंत दाखवली. "पाहा भाऊ, बुढा गेल्यावर म्या एकटीनं बांधली. हात लावून पाहा ना, लाजता काहून?"

हात लावला. गार होती. मग लिहिलं, 'एक भिंत पक्की.'

पन्नाशीला आलेला ग्रामसेवक नीतिशास्त्र शिकतो म्हणून ऑफिसात सगळे हसतात. धोरण आणि सत्य या प्रश्नावर मला चांगले गुण मिळाले होते. दिसेल तेच नोंदवावं, नाहीतर यादीत वशिल्याची माणसं शिरतात, असं मी लिहिलं होतं. आजही ते पटतं. मग देवापुढे दिवा लावून हात का जोडवले नाहीत?

शेऱ्याचा रकाना रिकामा होता. बाकीच्या तीन बाजूंबद्दल तिथे लिहिता आलं असतं. तेही दिसलंच होतं की मला. पण मी तो कोराच सोडला आणि अर्ज तालुक्याला देऊन आलो.

त्यांचं नाव जाणार, हे त्यांना तिथेच सांगायचा धीर झाला नव्हता. त्यांच्या घरून निघताना त्यांनी विचारलं होतं, "भाऊ, नवं घर भेटलं तं ही भिंत तशीच ठेवता येईन ना?"

"येईल, मावशी," म्हणालो.

दिवसभरात खोटं बोललो ते एवढंच.