फुटलेला घडा, गळका नळ

३ मार्च
कोशाचं काम 'घ'पर्यंत आलंय आणि 'घटस्फोट' माझ्याच वाट्याला! संपादकबाई संकोचल्या. "दुसऱ्या कुणाला देऊ का?" म्हटलं, द्या इकडे – हात अनुभवी आहे. सगळे हसले. मीही.

४ मार्च
नव्या खोलीतला नळ गळतो. प्लंबरची लेक आणि घरात गळका नळ! बाबांनी चुटकीसरशी दुरुस्त केला असता. वर पहिला ग्लास स्वतः पिऊन दाखवला असता – काम कुणाच्याही घरी असो, त्यांचा नेमच आहे तो.
पण त्यांना कोण सांगणार? कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी म्हणाले, "आम्हाला तू मेलीस. तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही." नवऱ्याचं फारसं वाटत नाही, तो मनातून कधीचाच गेला होता. बाबांचं मात्र फार लागलंय.

६ मार्च
घट म्हणजे घडा, स्फोट म्हणजे फुटणं – हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो घडा नवरा-बायकोचा नव्हताच! जुन्या काळी घरातल्या कुणाला कायमचं तोडायचं असलं, की तो मेला असं मानून नातलगच त्याच्या नावानं पाण्याचा घडा फोडायचे. माणूस जिवंत! नवरा-बायकोसाठी शब्द मागाहून आला.
म्हणजे माझा खरा घटस्फोट कोर्टात झालाच नाही. आईच्या स्वयंपाकघरात झाला, बाबा हात धूत असताना.
रडू आलं. सगळ्यांसमोर, टेबलावरच.

७ मार्च
बाई म्हणाल्या, "नोंद अर्धी आहे. माणूस परत घ्यायचा तर काय करायचे?" शोधलं. नवा घडा पाण्यानं भरून आणायचे. लिहिलं. पुस्तकात ठीक आहे! बाबा शब्दाचे पक्के.

९ मार्च
आईचा चोरून फोन. बोलता बोलता नळाचं बोलून गेले. "बाबांना सांगू नकोस हं." "छे गं, मी कशाला सांगू!" आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

११ मार्च
दारात बाबा, हत्यारांची पिशवी घेऊन. "नळासाठी आलोय. तुझ्यासाठी नाही."
मान वर न करता काम केलं. नळ सोडून पाहिला. ग्लास पुढे करायचा मला धीर होईना. त्यांनीच फळीवरचा उचलला, काठोकाठ भरला आणि माझ्याकडे बघत सगळा प्यायले.
"वॉशर गेला होता," म्हणाले.