उजवा कौल

आबा, माझ्या मानेत गाठी आल्या आहेत. आधी एक होती, तेल चोळून जाईल म्हणून दोन महिने घरीच बसून राहिले. मग काखेतही आल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी एक काढून तपासली. कॅन्सर नाही म्हणाले, पण पेढे वाटायची सोयही ठेवली नाही. लिम्फ नोडचा दुर्मिळ आजार आहे, कुणा परदेशी डॉक्टरच्या नावाचा. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घेते. पुढे काय, असं विचारलं की ते म्हणतात, "सांगता येत नाही." कुणाचा वर्षानुवर्षं गप्प बसतो, कुणाचा उसळतो. माणूस प्रामाणिक आहे आणि मला त्या प्रामाणिकपणाचाच संताप येतो.

दादा आता तुमच्या जागी गावच्या देवळात गुरवकी करतो. मध्यंतरी म्हणाला, "कौल लावूया काय गो एकदा?" मी त्याच्या अंगावर खेकसले. बिचाऱ्याला कारण ठाऊक नाही. तुम्हाला आहे.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. वरच्या वाडीतली खलाशाची बायको देवळात आली आहे. कित्येक महिने नवऱ्याचं पत्र नाही, तो परत येईल का एवढंच तिला विचारायचंय. तुम्ही देवाच्या पाषाणावर दोन पाकळ्या पाण्याने चिकटवता. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी बाजूला समईत तेल घालते आहे आणि मला स्पष्ट दिसतं, डावी पाकळी तुम्ही चांगली भिजवून अंगठ्याने दाबलीत, उजवी नुसती टेकवलीत. उजवी पडायला कितीसा वेळ! ती बाई रडता रडता हसली. घरी येताना मी विचारलं, तर तुम्ही वाटेतच थांबलात.

"तिला आज व्हय ऐकायचा व्हता. मी कोन नाय म्हननारा? आनि आयशीला सांगलंस तर बघ."

तो खलाशी आलाच नाही. ती मात्र कुंकू लावून वाट बघत म्हातारी झाली. त्याला तुम्ही जबाबदार, असं मी कायम मनात धरलं. शेवटच्या आजारपणात तुमचे पाय दाबतानाही धरलं होतं. तुम्ही एकदोनदा माझ्याकडे बघून काही बोलायला गेलात, मी उशी सारखी करत राहिले.

गेल्या सोमवारी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, तू बरी होशील ना? खरं सांग." नवा रिपोर्ट समोरच होता, आकडे पुन्हा वाढलेले. मी म्हटलं, "होईन की. डॉक्टरच म्हणाले." डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. किती दिवसांनी ती मोकळं हसली, मग भाजी काय केलीस वगैरे विचारत बसली.

हे पत्र मी दादालाही दाखवणार नाही. तुम्ही चुकलात, असं आजही म्हणते मी, आबा. फक्त एवढं कबूल करते की "होईन" म्हणताना क्षणभर मलाही ते खरं वाटलं.