फोग्टबाईंसाठीचा नवस

हाउन्सलो, लंडन

ती. आईस,
चैत्रालीचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर.

माझ्या पीएच.डी.च्या गाईड फोग्टबाई लंडन सोडून जर्मनीच्या संसदेत निवडून गेल्या. तू त्यांच्यासाठी गणपतीला नवस बोललीस, तो पावला! पण माझा प्रबंध आता वाचणार कोण? न्यायाला होणाऱ्या विलंबावरचं बाईंचं पुस्तक जगभर शिकवतात. त्याच बाई मला दर महिन्याला कळवतात, "विषय विचाराधीन आहे." पंचेचाळिशीत मी विचाराधीन! आणि व्हिसा मार्चमध्ये संपतोय.

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

नवस अजून फेडला नसशील, तर फेडूच नकोस. गणपती रागावला, बाईंची खुर्ची गेली, तर निदान माझा प्रबंध तरी वाचतील.

तुझी वैतागलेली,
चैत्राली