फुंकायचं मशीन

प्रिय बारक्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. अक्षर अजून थरथरतंय, पण ओळी सरळ आहेत, म्हणजे तब्येत सुधारतेय असं मी धरून चाललोय. तिथे पहिला महिना फोन देत नाहीत हे एका परीने बरंच झालं. फोनवर आपण दोघं भाऊ काय बोललो असतो? जेवलास का, जेवलो, ठेवू का, ठेव. तेवढ्यात आटोपलं असतं. चार पानांच्या पत्रात तू एकच गोष्ट तीनदा विचारली आहेस, की डेपोतली नोकरी शाबूत आहे ना आणि तुझी बस कोणाच्या हातात दिलीय. तुझा जीव त्या स्टिअरिंगमध्ये अडकलाय हे मला ठाऊक आहे. उत्तर याच पत्रात आहे, पण ते एका ओळीत देता येत नाही. तेव्हा जरा दमानं घे आणि उगाच शेवटचं पान आधी वाचू नकोस. तुला ती खोड लहानपणापासून आहे.

आधी घरचं सांगतो. तुझी बायको बरी आहे. ती आणि तुझी वहिनी मिळून सगळं ओढतायत, आणि मी मधे बोलायला गेलो की दोघी एकदमच माझ्याकडे बघतात, मग मी गप्प बसतो. चिमणीच्या शाळेत गेल्या आठवड्यात दवाखान्यातल्या एक नर्सबाई आल्या होत्या, दारू आणि नशेच्या गोळ्यांबद्दल मुलांना सांगायला. चित्रं दाखवली, प्रश्न विचारायला सांगितले. तर आपली चिमणी उभी राहिली आणि भर वर्गात म्हणाली, की माझे बाबा याच आजारासाठी भरती झालेत आणि ते कधी बरे होतील. तिच्या बाईंनी घाबरून घरी फोन केला. तुझी बायको आधी रडली. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, डेपोत, सगळीकडे तुला कावीळ झाल्याचं सांगून बसलोय, रजेचा अर्जही मीच तसा लिहिलाय, आणि ही नऊ वर्षांची पोरगी उभ्या उभ्या खरं सांगून मोकळी झाली. 

आता बुधवारच्या मीटिंगचं. तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांसाठी बुधवारी संध्याकाळी वर्ग असतो, तुला माहीतच आहे. मी पहिल्यांदा गेलो तो नाइलाजानं. वहिनीने शर्ट इस्त्री करून हातात दिला, म्हणजे हुकूमच की. खोलीत बारा खुर्च्या, एक फळा, आणि मी सोडून सगळ्या बायका. कोणाची आई, कोणाची बायको, एकाची तर सासू. मी दाराजवळची खुर्ची धरली, म्हटलं घामाघूम झालो तर सटकता येईल. तुमच्या समुपदेशक ताई शाळेतल्या बाईंसारखं फळ्यावर लिहून शिकवतात. मेंदूचं काय होतं, हात का थरथरतात, सोडतो सोडतो म्हणणारा माणूस खोटारडा नसून आजारी कसा असतो, हे सगळं. मी इतकी वर्षं तुला मनात शिव्याच घातल्या रे. वाटायचं, जिगर नाही याच्यात. तसं नसतं हे मला वयाच्या पन्नाशीला फळ्यावर वाचून कळलं.

तिसऱ्या बुधवारी ताईंनी सगळ्यांना एकेक कागद दिला. आपल्या माणसाला सांभाळताना आपण त्याच्या आजारालाच कुठे खतपाणी घातलं, ते लिहा म्हणाल्या. एका आईने लिहिलं, मुलाच्या साहेबाला फोन करून ताप आलाय सांगायचे. एकीने लिहिलं, नवरा पडला की मी आधी जिना पुसायचे. सगळ्यांचं वाचून झालं, माझा कागद कोराच. शेवटी मी लिहिलं, की सात महिने भावाच्या जागी मी मशीनमध्ये फुंकलं.

तुला आठवण करून द्यायला नको, पण लिहिल्याशिवाय माझं मला खरं वाटत नाही. पहाटेच्या पाळीला टाइमकीपरच्या खिडकीतून ते दारू तपासायचं मशीन बाहेर येतं. काच इतकी धुरकट की आतून नुसता हात दिसतो. आपण नंबर सांगायचा, फुंकायचं, तो आत आकडा लिहितो. पहिल्यांदा तू म्हणालास, खोकल्याचं औषध घेतलंय दादा, उगीच आकडा येईल, आजच्या दिवस माझं तू फुंक. मला तेव्हाच वास आला होता. तरी मी माझा नंबर सांगून फुंकलं, रांगेत पुन्हा मागे गेलो, आणि तुझा नंबर सांगून परत फुंकलं. भावाची नोकरी वाचवली म्हणून दिवसभर छाती फुगवून गाडी चालवली. मग ते रोजचंच झालं. आपण तर त्यावर हसायचोही. तुझ्या बसमध्ये सकाळी शाळेची पोरं असायची, बारक्या. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि मग ती वर्कशॉपची सकाळ. गाडी मागे घेताना तू कठडा तोडलास. बस रिकामी होती हे नशीब. सफाईवाल्या बाई बादली टाकून बाजूला झाल्या म्हणून वाचल्या, बादली पार चपटी झाली. तू म्हणालास ब्रेक लागला नाही. रजिस्टरमध्ये तुझ्या नंबरापुढे शून्य होतं, कारण ते शून्य माझं होतं. मग दोष जाणार कुठे? आदल्या संध्याकाळी ब्रेकचं काम करून सही केली होती ती वर्कशॉपच्या मेकॅनिक काकांनी. गाडीचा ब्रेक कानानं कसा ओळखायचा हे आपल्याला ज्यांनी शिकवलं, तेच काका. त्यांना घरी बसवलंय, हे तू भरती होताना तुला सांगितलं नव्हतं. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय आणि माथी निष्काळजीपणाचा शिक्का. येत्या सोमवारी त्यांची चौकशी आहे. परवा ते मला बाजारात भेटले. मी रस्ता बदलणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. तुझी कावीळ उतरली का विचारलं, आणि म्हणाले, पोराला तेलकट देऊ नका. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

माझा कागद वाचून झाल्यावर वर्गात कोणी छी थू केलं नाही. शेजारच्या आजींनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. ताईंनी एवढंच विचारलं, की या गोष्टीची किंमत आत्ता कोण मोजतंय. मी काकांचं सांगितलं. त्यांनी काय करा, काय नको, काही सांगितलं नाही. घरी आल्यावर मी आधी तुझ्या बायकोला समोर बसवून सगळं बोललो, कारण भोगायचं तिला आणि चिमणीला आहे. ती बराच वेळ बोटानं टेबलावरचा डाग घासत राहिली. मग म्हणाली, भाऊजी, सांगून टाका, मला आता खोट्याचा कंटाळा आलाय.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. आज सकाळी मी डेपो मॅनेजरच्या टेबलावर लेखी जबाब दिला. मी फुंकलं ते, तू पीत होतास ते, कावीळ खोटी ते, सगळं. माझा बिल्ला काढून घेतलाय. तुझं स्टिअरिंग गेलं, बारक्या, आणि ते मी घालवलं. इलाज पूर्ण केल्याचा दाखला आणणाऱ्याला वर्कशॉपमध्ये दुसरं काम मिळू शकतं, पण मिळेलच असं कोणी म्हटलेलं नाही. चार-पाच दिवसांत डेपोची माणसं तुझी जबानी घ्यायला तिथे येतील. त्यांच्या तोंडून कळायच्या आत तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ताईंना मी सगळं सांगितलंय, तू हे वाचशील तेव्हा त्या बाजूच्या खोलीत असतील. तिथल्या फाटकाला कुलूप नसतं हे मी पाहिलंय. तू उठून निघालास तर तुला कोणी धरून ठेवणार नाही, आणि हे वाचून तुला निघावंसंच वाटणार. म्हणून हात जोडून सांगतोय. मला शिव्या दे, ताईंसमोर दे, माझं तोंड बघणार नाही म्हण, बुधवारी मी आलो तर मला दारातून परत पाठव. पण तुझे एकोणीस दिवस राहिलेत ना, ते तिथे आत राहूनच माझ्यावर रागाव.

तुझाच,
दादा