रविवारची बैठक चालूच राहील

मी, गल्लीत शिवणवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कपडे शिवणे, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझा उजवा हात अधू आहे, जीभ मधूनच अडखळते, पण डोके ठिकाणावर आहे. मी म्हणते म्हणून ते कोणी मान्य करू नये. न्यायालयाने तसे म्हटले आहे आणि निकालाची प्रत सोबत जोडली आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून गळ घातलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवडच नव्हती.

कलम १. तळमजल्यावरचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. यजमान गेले तेव्हा दुकान भाड्याचे होते. ते मी शिवणाच्या कमाईवर विकत घेतले. ही सर्व मिळकत मी माझ्या पुतण्याच्या पत्नीला, म्हणजे माझ्या सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावे देते. दोघांच्या नावे नाही. अट एकच: दर रविवारी सकाळी दुकानात वाचणाऱ्यांची बैठक भरते, ती भरत राहील. मी जाईन त्या आठवड्यातही भरेल. ज्याला दुःख होईल त्याने ते घेऊन यावे, पण पुस्तकही आणावे.

बैठकीचा नियम मी घातलेला आहे आणि तो बदलू नये. जे पुस्तक सध्या वाचत आहात त्यावरच बोलायचे. वाचून संपलेले चालणार नाही. संपलेल्या पुस्तकावर माणसे प्रवचन झोडतात. निम्म्यात असलेला माणूस चाचपडत बोलतो आणि पुढच्या खेपेला येऊन "मागे म्हणालो ते चुकलं" असे कबूल करतो. आमच्या पोस्टमनने त्याच्या कादंबरीतल्या एका सावकाराची बाजू कितीतरी रविवार लढवली. मग एके दिवशी तो मान खाली घालून आला, तेव्हा सावकाराने पुढे काय दिवे लावले ते कोणाला विचारावे लागले नाही.

कलम २. पुतण्याविषयी. हा माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. आई लवकर गेली म्हणून माझ्याच घरी वाढला. कापडाच्या ढिगावर झोपायचा आणि मशीन थांबले की जागा व्हायचा. त्याच्यावर माझी माया होती आणि आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचे नीट वाचले जाईल.

मला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. समोरचे सगळे कळत होते. शब्द तेवढा तोंडात येत नव्हता. पाणी हवे असले की तोंडातून "खिडकी" निघायचे. छापलेली ओळ डोळ्यांसमोर मुंग्यांसारखी पळायची. पुतण्याने मनाशी धरले की काकूंचे आता संपले. त्याने दुकानाला गिऱ्हाईक पाहिले आणि मला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवून त्याला माझा पालक नेमावे, असा अर्ज न्यायालयात केला. माझ्या देखत तो फोनवर म्हणाला, "त्यांना काही समजत नाही हो, ओंडक्यासारख्या पडून असतात." ओंडका ऐकत होता.

सूनबाई दुपारी, तो कामावर गेला की, मला वाचून दाखवायची. आधी पान, मग माझे बोट ओळीखाली धरून शब्द. रविवारी ती मला खुर्चीत घालून खाली बैठकीत न्यायची. माझी पाळी आली की पोस्टमन म्हणायचा, "काकू, बोला." आणि सगळे थांबायचे. मी तोंड उघडून बसायची, मिटायची. कोणी कीव केली नाही, कोणी शब्द पुरवला नाही, कोणी माझी पाळी ओलांडली नाही. असे किती रविवार गेले ते मी मोजलेले नाहीत.

मग शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी एक जाडजूड कादंबरी आणली आणि तिची स्तुती सुरू केली. नायकाचे मन किती हळवे, लेखकाची भाषा किती तरल. सूनबाईने तीच कादंबरी मला वाचून दाखवायला घेतली होती. माझ्या तोंडातून बाहेर पडले, "रटाळ."

सूनबाई रडायला लागली. बाई मात्र शाळेतल्यासारख्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नुसतं रटाळ म्हणून चालणार नाही. का, ते सांगा."

मी एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "नायक... नुसता... उसासे."

"हं," बाई म्हणाल्या. "हे मात्र खरं आहे." त्या दिवशी मी वर गेले ती राणीसारखी.

अर्जाच्या सुनावणीपर्यंत मी बरीच बोलती झाले होते, पण नावे आणि वार अजून घसरत. न्यायाधीशबाईंनी वार विचारला. गुरुवार होता, मी मंगळवार म्हणाले. पुतण्याच्या वकिलाने कागद मिटले, जणू काम झाले.

न्यायाधीशबाईंनी विचारले, "दिवसभर काय करता?"

"वाचते."

"सध्या काय वाचताय?"

आता हा माझ्या रोजच्या सरावातला प्रश्न होता. मी सांगितले, "नदीवर होडी चालवणाऱ्या एका विधवेची गोष्ट. निम्म्यात आलेय. लेखक तिला शहाणी म्हणतो... पण एक गोष्ट तिला ठरवू देत नाही. दर वेळी कोणीतरी पुरुष येतो... आणि तिच्या भल्याचं ठरवून जातो. होडी तिची, नदी तिला पाठ, आणि सल्ला किनाऱ्यावरच्यांचा. मला राग येतो लेखकाचा."

"मग शेवट काय होईल, असं वाटतं?"

"तिथवर पोचले नाही अजून. मत विचारलंत... ते दिलं."

अर्ज फेटाळला गेला. निकाल सांगण्याआधी न्यायाधीशबाईंनी पुस्तकाचे नाव विचारून कागदावर टिपून घेतले. मी हे अभिमानाने लिहिते, आणि पुतण्याने हे कलम मोठ्याने वाचावे अशी माझी इच्छा आहे.

तर पुतण्याला मी माझे शिवणाचे मशीन देते. त्याच्या शाळेचे सगळे कपडे त्यावर शिवले आहेत. विकले तरी मी उठून येणार नाही, पण विकू नये. बैठकीत त्याला कायमची खुर्ची आहे. हातात पुस्तक असले तर बसावे, नसले तर बायकोची वाट बाहेर उभे राहून पाहावी.

कलम ३. बँकेतल्या शिलकीतून प्रथम मुख्याध्यापिकाबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे. त्या नको म्हणतील. त्यांना सांगावे की उसाशांची कादंबरी स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा वाचल्याशिवाय माझे म्हणणे पुरते पटणार नाही. उरलेल्या रकमेतून पुस्तके घ्यावीत; निवड बैठकीने भांडून करावी, एकमताने करू नये. एकमत झाले की कोणीतरी वाचलेले नाही असे समजावे.

कलम ४. पोस्टमनला काही देता आलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात, आणि त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार मला दुसरा नाही. त्याने समजून घ्यावे.

कलम ५. वकिलांनी अंगठा सुचवला होता. "काकू, अंगठाही चालतो कायद्याला," म्हणाले. कायद्याला चालत असेल, मला चालत नाही. खालची सही डाव्या हाताची आहे. वाकडी आहे, शिवण उसवल्यासारखी दिसते, पण शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण आहे.

स्थळ: आमचे दुकान, कापड बेतायच्या टेबलावर.
दिनांक: ७ मार्च, रविवार, बैठक आटोपल्यावर.

(सही) शिवणवाल्या काकू

साक्षीदार १: पोस्टमन. काकूंनी माझ्यासमोर सही केली. हात धरू का विचारले, नको म्हणाल्या.

साक्षीदार २: गल्लीतले डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सहीपूर्वी त्यांनी वरील सर्व मजकूर स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी शब्द अडला. आम्ही थांबलो. दोन्ही शब्द त्यांनीच शोधून काढले.