निघायची पक्की तारीख

५ मे, जेराल्डटन
नवी वही. ठरलं. जुलैत, इथल्या ऐन थंडीत निघायचं. किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेला, कार्नार्वनच्याही पुढे, मग डांबर सोडून थेट त्या जागेपर्यंत. धाकटा भाऊ डेस तिथे गेला, त्याला येत्या २२ नोव्हेंबरला वीस वर्षं होतील. त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, तिथे एक क्रॉस रोवायचाय, नेशील का? म्हटलं, हे काय विचारणं झालं? गाडी काढलीच समज.

१९ मे
जास्तीचे टायर दोन. पाण्याचे कॅन सहा. यादी चार पानं. अशी तयारी गावात कुणाची नसेल. बाजूची सीट मात्र पार मागे सरकलेली. डेसचे पाय लांब, तो अशीच सरकवायचा. पुढे ओढली. रूळ झिजलाय, दुसरं काय.

२ जून
सीट मागे. रूळ नवा टाकला.

९ जून
सीट मागे. नवा रूळही रद्दी निघाला. हल्ली कशातच दम नाही.

३० जून
शाळांना सुट्टी लागली. किनाऱ्यावर कॅराव्हॅनवाल्यांची झुंबड. सप्टेंबर उत्तम.

१५ सप्टेंबर
सप्टेंबरात रानफुलं बघायला येतात हे विसरलोच. पुन्हा झुंबड. ऑक्टोबर.

६ ऑक्टोबर
गाडीत एकमेकांशी बोलायचा रेडिओ बसवला. ट्रकवाले बोलत होते. मधेच कुणी खोकलं. दोनदा, मग घसा खाकरला, अगदी डेससारखा. सगळेच ट्रकवाले सिगारेट ओढतात. रेडिओ काढून ठेवला, तसाही वजनदार होता.

२७ ऑक्टोबर
ग्लेनिस आली. उकाडा सुरू झालाय, आता जाणं वेडेपणा, असं तिला समजावलं. ती म्हणाली, मे महिन्यात उकाडा नव्हता, मर्व. चहा न घेताच गेली. बाईमाणसाला प्रवासाचं नियोजन कळत नाही.

१७ नोव्हेंबर
झोप नाही. लिहून टाकतो, म्हणजे सुटेल. आडरानात निघणारा आपली वाट आणि परतल्याचा फोन करायची वेळ कागदावर लिहून एकाच्या हाती देतो. वेळ टळली की त्याने पोलिसांना कळवायचं. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. डेस मासे मारायला गेला, त्याचा कागद माझ्याकडे होता. रविवार, संध्याकाळी सहा. फोन आला नाही. पण डेस जन्मात कधी वेळेवर आलाय? मी मंगळवारी कळवलं. गाडी वाळूत रुतलेली. गाडी सोडून जायचं नसतं, म्हणून तो तिच्यापाशीच थांबला होता. समोरच्या काचेजवळ चिठ्ठी होती: सोमवार, चार वाजले. पाणी संपलं. मर्व विसरला वाटतं. चालत निघतो.
विसरलो नव्हतो. तिथे जाऊन त्याला एवढंच सांगायचंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी ग्लेनिस स्वतःच निघाली. माझे टायर, माझे कॅन, माझी यादी घेऊन. म्हणजे निम्मी सफर माझीच म्हणायची. मी हात पुढे केला, म्हटलं, कागद दे. ती म्हणाली, पोस्टातल्या नोरीनला दिलाय, रविवार संध्याकाळी सहाची वेळ. नोरीनशी तिची जेमतेम तोंडओळख. असो. माझ्या फोनला रेंज नसतेच.

२४ नोव्हेंबर, रविवार
पाचपासून नोरीनच्या घरासमोर उभा. सहज, पाय मोकळे करायला. खिडकीतून दिसत होतं, ती फोनपाशी बसलेली. सहा वाजले. सहा वाजून दोन मिनिटांनी तिने स्वतःच फोन लावला, काही बोलली, ठेवला. चार मिनिटांनी फोन वाजला. मग ती खिडकीशी आली नि हसत म्हणाली, ग्लेनिस क्रॉस रोवून परत पोचली रे कार्नार्वनला, वाटेत टायर फुटला म्हणून उशीर झाला. आणि मी बावळट पोलिसांना कळवूनही बसले! आता परत फोन करून सांगते, उद्या गावभर माझं हसं होणार बघ.
तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.
दोन मिनिटं. मला दोन दिवस लागले. डेस, तू उशिरा येतोस म्हणून नाही रे. सोमवारी तू मासे घेऊन हसत दारात उभा राहशील आणि पोलिसांसमोर माझी फजिती होईल, याची मला लाज वाटली.