कोनाड्यातलं कारीट

आण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी दिवाळी आली की माझा राग ताजा होतो. फौजेत गेल्यापासून ओळीनं सात दिवाळ्या मी घराबाहेर काढल्या, आणि त्या सीमेमुळे नव्हे, तुमच्या कांद्यामुळे. आपल्या राजुरीच्या दुकानातल्या फोनवर तुमचं ठरलेलं असायचं, "दिवाळी काय दरसाली येती. लागणीला माणसं मिळत न्हाईत, तवा सुट्टी काढ." मी काढायचो. वर्षाची सगळी सुट्टी वाफ्यात वाकून रोपं लावण्यात जायची आणि मग पाठीला तेल चोळून पुन्हा गाडीत बसायचं. पोरगा येतोय म्हणून तुम्ही एक मजूर कमी सांगायचात, हे मला अजून बोचतं.

काश्मीरातल्या चौकीवर आम्ही तिघं मराठी. नरकचतुर्दशीला रॉकेलच्या शेगडीवर पाणी तापवायचो, बेसनात हळद कालवून त्यालाच उटणं म्हणायचो. आंघोळीआधी पायाखाली फोडायला तिथं कारीट कुठलं? एकानं अक्रोड ठेवला. अनवाणी टाचेखाली तो काही फुटेना. शेवटी बुटानं फोडला आणि "गोविंदा, गोविंदा" ओरडलो. सगळे हसले, मीही हसलो, पण मनात तुम्हाला शिव्या देत होतो. आईचा फराळाचा डबा महिन्याभरानं यायचा, करंज्यांचा नुसता भुगा होऊन.

आठव्या वर्षी तुम्हीच म्हणालात, "औंदा दिवाळीला ये. कांद्याचं आमी बघू." मी म्हटलं, "साहेब सोडत नाहीत." तुम्ही "बरं. ड्यूटी हाय," म्हणालात आणि फोन ठेवलात.

पुढच्या दिवाळीत मी घरी होतो, कारण दसऱ्यानंतर तुम्ही गेलात. घरात कढई चढली नाही. भावकीतल्या बायका आपापल्या घरचा फराळ ताटात झाकून आणून देत होत्या. आईनं न्हाणीतल्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिथं वाळून खडखडीत झालेलं एक कारीट होतं. "मागल्या साली तुझ्यासाठी बांधावरनं आणलं व्हतं त्यांनी. म्हणले, सायब सोडंलबी ऐन टायमाला. मला फेकू दिलं न्हाई."

आण्णा, साहेबांनी सोडलं होतं. सुट्टी मंजूर होती. तुम्हालाही एकदा वाट बघायला लावावी म्हणून मी ती दुसऱ्याला देऊन टाकली. आईला हे अजून सांगितलेलं नाही.